‘मेमरीज ऑफ मर्डर’: ध्यास पोलिसांचा, मार दुबळ्याला

बाँग जून-हो या दक्षिण कोरियन दिग्दर्शकाचा २००३ सालचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ आम्ही परवा वस्तीतल्या मुलामुलींसोबत पुन्हा पाहिला. संपल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न, “मग खुनी कोण?” थ्रिलरने लावलेली ही सवय. आमचा प्रश्न वेगळा आहे. मार कोणी खाल्ला?

१९८६ ते १९९१ दरम्यान ह्वासाँग परिसरात दहा जणींचे खून झाले. सुरुवातीची वर्षं लष्करी हुकूमशाहीची. सिनेमात पोलीस जादा कुमक मागतात, ती मिळत नाही, कारण ती निदर्शनं चिरडायला गेलेली असते. बाईच्या जिवाची किंमत तिथेच कळते.

गावातला पोलीस पार्क म्हणतो, मी डोळे बघून गुन्हेगार ओळखतो. त्याला आधी ‘ओळखू’ येतो तो बौद्धिक अपंगत्व असलेला, चेहरा भाजलेला पोरगा. त्याच्या बुटाचा ठसा पोलीसच मातीत उठवतात. सोलहून आलेला सेओ मात्र कागद आणि पुरावा मानणारा. आपल्यासारख्या शिकलेल्यांना तोच जवळचा वाटतो. पण अमेरिकेहून आलेला डीएनए अहवाल मनासारखा निघत नाही, तेव्हा संशयितावर पिस्तूल रोखतो तोही हाच! म्हणजे दोष अडाणीपणाचा नव्हता. जाब विचारणारं कुणी नसलं की ध्यासाचा पट्टा व्हायला वेळ लागत नाही.

प्रत्यक्षात काय घडलं ते सिनेमापेक्षा भयंकर आहे. खुनी ली चुन-जे २०१९ मध्ये डीएनएमुळे उघड झाला. मेहुणीच्या खुनासाठी तो १९९४ पासून तुरुंगातच होता. पण आठव्या खुनासाठी पोलिसांनी १९८९ मध्येच २२ वर्षांचा एक तरुण उचलला होता. पोलिओने अधू पाय, शेती अवजारांच्या दुरुस्तीच्या दुकानात कामगार. झोपू न देता कबुली घेतली. जवळपास वीस वर्षं तो आत राहिला. निर्दोष ठरला डिसेंबर २०२० मध्ये.

हे कोरियाचं झालं म्हणून सुस्कारा टाकू नका. त्याच २००३ साली नाशिकजवळच्या एका दरोडा-बलात्कार-खून प्रकरणात भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. वाचलेल्या बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळेच चौघे ओळखले होते. त्या चौघांचा तपास झाला नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. भरपाई प्रत्येकी पाच लाख.

सिनेमाच्या शेवटी पार्क थेट कॅमेऱ्यात बघतो. खुनी प्रेक्षकांत बसला असेल, त्याच्या नजरेला नजर भिडावी, अशी दिग्दर्शकाची कल्पना. २००३ मध्ये थिएटरात ना तो खुनी होता, ना तो पाय अधू असलेला कामगार. दोघेही तुरुंगात होते.