न झालेल्या रणगाड्यांची ओळखपरेड

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

हैदराबादेत 'टँक' म्हटले की टँकबंड आठवतो आणि त्याच्यामागे हुसेनसागराचे पाणी. गेल्या नुमाइशीत मात्र मी निराळाच टँक घरी आणला, आणि तेव्हापासून तो माझ्या डोक्यात पट्ट्यांसकट फिरतो आहे.

नामपल्लीची नुमाइश आपणा सर्वांच्या ओळखीची. १९३८ साली सुरू झालेले हे प्रदर्शन. काश्मिरी शालींपासून लोणच्यांपर्यंत तिथे काय मिळत नाही! खेळण्यांच्या एका गाळ्यात धाकट्या भावाला प्लास्टिकच्या रणगाड्याचा जोडणीचा संच दिसला. खोका फाटलेला, आत सूचनांचा कागद नाही, आणि झाकणावर इंग्रजीत एवढेच, की हा जर्मनांचा प्रायोगिक जड रणगाडा आहे. कोणता, कधीचा, काही नाही. मी विचारले तर गाळेवाला म्हणाला, "जर्मनी का है मियाँ, असली है." घासाघीस करून घेतला.

घरी आल्यावर ओळख पटवायला बसलो. पहिले हत्यार फूटपट्टी. असे संच बहुधा १:३५ किंवा १:७२ या प्रमाणात असतात. (१:३५ हा विचित्र आकडा आला कुठून, तर जपानच्या तामिया कंपनीने १९६१ च्या सुमारास मोटारवर चालणारा पँथर रणगाडा काढला, आणि आत बॅटरी मावेल एवढा तो केला! पुढे जगाने तेच प्रमाण मानले.) माझ्या रणगाड्याचे धड भरले सव्वादहा सेंटीमीटर. त्याला ७२ ने गुणले की सात मीटर अडतीस सेंटीमीटर होतात, म्हणजे जवळजवळ जर्मनांच्या किंग टायगरएवढे. पण चाके किंग टायगरची नव्हती. मग शोध 'ई' मालिकेपाशी येऊन थांबला.

ही मालिका आम्हा वाणिज्यवाल्यांना आवडावी अशीच आहे. महायुद्धाच्या मध्यावर जर्मनीत दर रणगाड्याचे सुटे भाग वेगळे, कारखाने वेगळे, दुरुस्ती वेगळी असा गोंधळ होता. म्हणून ई-१०, ई-२५, ई-५०, ई-७५ आणि ई-१०० अशी नवी रांग आखली गेली. आकडा म्हणजे साधारण किती टनांचा वर्ग ते. ई-५० आणि ई-७५ यांचे धड जवळजवळ एकच ठेवायचे, म्हणजे खर्च वाचेल. फरक चाकांत : ई-५० ला एका बाजूस सहा चाके, वजनदार ई-७५ ला आठ. मी चाके मोजली. आठ. ओळख पटली!

पटली खरी, पण कशाची? ई-७५ एकही तयार झाला नाही. त्याच्या वरच्या फिरत्या बुरुजाचा पक्का आराखडाही उपलब्ध नाही. माझ्या संचातला बुरूज सरळ किंग टायगरवरून उचललेला आहे; दुसरा एखादा कारखानदार निराळा बसवील. दोघेही बरोबर आणि दोघेही चूक, कारण ताडून पाहायला मूळच नाही. मी फूटपट्टीने मोजले ते कारखानदाराचा अंदाज.

सगळेच न झालेले रणगाडे सारखे नसतात, हेही शोधताना कळले. ई-१०० चे एक अर्धवट धड खरोखर तयार झाले होते. १९४५ मध्ये ते ब्रिटिशांच्या हाती लागले आणि पुढे भंगारात गेले. १८८ टनांचा माउस तर दोनदा बनला. दोन्हींचे भाग जोडून उभा केलेला एक आज रशियात कुबिंका येथे आहे. उलट हजार टनांचा राटे निव्वळ कागदावर राहिला. पण दुकानात तिघांच्या खोक्यांवर सारख्याच ज्वाळा आणि सारखेच 'प्रायोगिक'. अंदाजपत्रकातला आकडा रोजकीर्दीत लिहिला तर आमचे सर कान उपटतील; इथे तो राजरोस खपतो.

कोणी म्हणेल, खेळणेच ते, एवढे काय मनावर घ्यायचे? मीही तसेच म्हणत होतो. पण कन्नड विभागात लिहिणारा माझा मित्र घरी आला, संच पाहून हरखला आणि म्हणाला, "सहा महिने आणखी मिळाले असते तर यांनी युद्ध जिंकले असते." आम्ही भालकीकडचे, घरात कन्नड, शाळा मराठी, त्यामुळे त्याच्याशी दोन्ही भाषांतून भांडलो. पेट्रोल कुठून आणणार होते? प्रत्यक्षात झालेले किंग टायगर पाचशेही नाहीत, आणि तिकडे रशियाचे टी-३४ पन्नास हजारांच्या वर. पँथरच्या पहिल्या तुकड्या १९४३ मध्ये कुर्स्कला गेल्या तेव्हा कितीतरी वाटेतच बंद पडल्या. कागदावरचा रणगाडा कधी बंद पडत नाही, म्हणून तर तो इतका पराक्रमी वाटतो.

आणि तो बनवणार कोण होते? ई-१०० चे काम फ्रँकफुर्टच्या आडलर कंपनीकडे होते. सायकली आणि टाइपरायटर करणारी ही जुनी कंपनी. तिच्या कारखान्यातच १९४४ च्या ऑगस्टपासून छळछावणी होती आणि सुमारे सोळाशे कैदी तिथून गेले. खोक्यावरच्या चित्रात रणगाड्याशेजारी सैनिक दाखवतात, हे कैदी नाहीत. मित्र गप्प झाला, पटले की नाही ठाऊक नाही.

माझी मागणी लहान आहे. कल्पनेचे संच जरूर विका, पण खोक्याच्या बाजूला तीन ओळी छापा : प्रत्यक्ष किती झाले, आराखड्यातून किती घेतले, आमच्या मनाचे किती. ताळेबंदाखाली टिपा देतात तशा.

मावशीकडे अहिल्यानगरला गेलो होतो तेव्हा तिथले रणगाड्यांचे संग्रहालय पाहिले. १९९४ मध्ये उघडलेले. सेंच्युरियन, पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटन, आणि मद्रासजवळ आवडीला बनलेला आपला विजयंता. उन्हाने तापलेल्या पोलादाचा वास अजून आठवतो. नुमाइशीत नंतर दोनदा जाऊन मी विजयंताचा संच विचारला. एकाही गाळ्यात नाव ठाऊक नव्हते. ई-७५ मात्र आणखी दोन ठिकाणी होता.

भावाने आमचा रणगाडा रंगवून कपाटावर ठेवला आहे. मी खाली चिठ्ठी चिकटवली : 'ई-७५. झाले : शून्य. चाके : आराखड्यावरून. बुरूज : अंदाजाने.' त्याला शोभा जाते असे वाटते, म्हणून तो ती काढतो. मी पुन्हा चिकटवतो.