ज्यांची तिथी ठाऊक नाही

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचे स्मारक आहे. देह परदेशी राहिले, पण गावाला हात जोडायला जागा मिळाली. एवढेही सगळ्यांच्या नशिबी नसते.

डिसेंबर १९७१ च्या युद्धात रात्रीच्या हल्ल्याला गेलेले कॅनबेरा बॉम्बफेकी विमान परतले नाही. ५ डिसेंबरला फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे सुखोई शोरकोटवर पडले. पकडलेल्या वैमानिकांत त्यांच्याशी जुळणारे नाव पाकिस्तानी वृत्तपत्रात छापून आले होते. पत्नी दमयंती, बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, वाट पाहत राहिल्या. २००७ मध्ये नातेवाइकांनी तिथले तुरुंग पाहिले, कोणी सापडले नाही.

तिथी ठाऊक नसेल तर आपण सर्वपित्री अमावस्येला पान वाढतो. पण माणूस गेला की नाही हेच ठाऊक नसेल तर?

मी सांगलीत इतिहास शिकवला. सुमारे ९३ हजार युद्धकैदी आपण परत केले, हे शिक्षक अभिमानाने सांगतात, सांगावेच. पण त्याच तासाला आपल्या ५४ बेपत्तांबद्दलही सांगावे, असे मला वाटते. हुतात्मा म्हणायची घाई नको. 'ते अजून आले नाहीत' एवढेच सांगा. पुढचे प्रश्न मुले विचारतीलच.