गाडीचं वय विचारायचं की तब्येत? जपानमधल्या ‘पासिंग’च्या रांगेतली एक सकाळ

मागच्या नोव्हेंबरात मी जपानला गेले ती गाड्या बघायला. देवळं, सुशी, बुलेट ट्रेन हे सगळं नंतर. यादी घरूनच करून नेली होती: योकोहामाचा दाइकोकू पार्किंग एरिया, हामामात्सुचं सुझुकीचं संग्रहालय, सेकंडहँड पार्ट्सची दुकानं. पण सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती यादीत नसलेली जागा. योकोहामातलं सरकारी वाहन तपासणी केंद्र. आपल्या भाषेत सांगायचं तर, गाडीचं पासिंग होतं ते ठिकाण.

हसू नका. सांगते.

सुरुवात दाइकोकूपासून करते, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी ते रील्समध्ये पाहिलेलंच असणार. समुद्रात भराव टाकून केलेल्या बेटावर, एक्स्प्रेस-वेच्या गोल गोल फिरणाऱ्या पुलांच्या मधोमध असलेला हा साधा थांबा आहे. टॉयलेट, खाण्याचे स्टॉल, कोल्ड्रिंकची मशीन्स, बस्स. तिथे चालत जाता येत नाही. एक्स्प्रेस-वेवरून गाडीनेच पोचायचं. त्यामुळे ज्याच्याकडे गाडी नाही असा पर्यटक कोणाला तरी पैसे देऊन जातो, आणि तिथेच घोळ होतो. जपानमध्ये भाड्याच्या गाडीला हिरवी नंबरप्लेट लागते. पांढऱ्या, म्हणजे खासगी प्लेटच्या गाडीत पैसे घेऊन प्रवासी बसवणं बेकायदा आहे. इन्स्टाग्रामवर ‘जेडीएम टूर’ बुक करताना प्लेटचा रंग आधी विचारा. जेडीएम म्हणजे जपानच्या बाजारासाठी बनलेल्या गाड्या.

माझं नशीब चांगलं. कॉलेजचा एक मित्र तिकडे आयटीत आहे आणि त्याच्याकडे १९९६ची माझदा रोडस्टर आहे. दोन सीट, उघडं छप्पर, बटण दाबलं की बॉनेटमधून डोळे वर काढणारे हेडलाइट. रविवारी सकाळी आम्ही गेलो. शनिवार रात्रीची गर्दी रीलसाठी भारी असते, पण आवाज वाढला की पोलीस पार्किंग बंद करून सगळ्यांना बाहेर काढतात. सकाळी मात्र काका-आजोबा मंडळी असतात. स्कायलाइन, आरएक्स-७, जुन्या सिव्हिक, आणि त्यांच्यामध्ये एखादी इवलीशी सुझुकी कापुचिनो. गाडी पुसायची, कॉफी प्यायची, शेजारच्याच्या बॉनेटमध्ये डोकावायचं, घरी जायचं.

तिथे उभी असताना मला प्रश्न पडला. ह्यातल्या निम्म्या गाड्या माझ्या वयाच्या. बऱ्याच जणींची चाकं वेगळी, सस्पेन्शन खाली घेतलेलं, एक्झॉस्ट बदललेला. आणि तरी सगळ्यांच्या काचेवर अधिकृत स्टिकर. आपल्याकडे एवढं केलेली तीस वर्षांची गाडी पहिल्याच नाक्यावर अडकेल. हे कायद्यात बसतं कसं?

मित्र म्हणाला, “अगं, मंगळवारी माझ्याच गाडीचं शाकेन आहे. ये बघायला.”

शाकेन म्हणजे सक्तीची वाहन तपासणी. नव्या खासगी कारला पहिल्यांदा तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. बहुतेक लोक गॅरेजला गाडी देतात आणि कर-विमा धरून लाखभर येन मोजतात. पण गाडी स्वतः घेऊन जायचीही मुभा आहे. माझा मित्र ह्या बाबतीत पक्का पुणेकर आहे. त्याने ऑनलाइन स्लॉट बुक केला होता.

केंद्रात एक लांबलचक शेड, त्यात समांतर लेन, आणि बाजूला आमच्यासारख्यांना बघायला पॅसेज. आधी कर्मचारी दिवे, इंडिकेटर, हॉर्न बघतो, चाकांचे नट हातोडीने ठोकून आवाज ऐकतो, चासी नंबर जुळवतो. मग लेन सुरू. पुढच्या सूचना डोक्यावरच्या डिजिटल बोर्डवर येतात.

पहिली साइड स्लिप: गाडी एका प्लेटवरून सरळ न्यायची, एक मीटर जाताना चाक बाजूला किती सरकतं ते मोजलं जातं. मर्यादा ५ मिलिमीटर. मग रोलरवर चाकं ठेवून ब्रेक. मग स्पीडोमीटर: काटा ४० वर आला की ड्रायव्हरने बटण दाबायचं, आणि चाकं खरंच किती वेगाने फिरतायत ते मशीन ताडून बघतं. एक्झॉस्टमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. शेवटी गाडी खड्ड्यावर उभी करून खालून ठोकाठोकी. प्रत्येक टप्प्याला बोर्डवर गोल किंवा फुली. गोल म्हणजे पास.

रोडस्टरला हेडलाइटवर फुली मिळाली. डाव्या दिव्याचा झोत जरा खाली होता.

मला वाटलं, झालं, आता परत कधीतरी. पण एकाच फीमध्ये त्याच दिवशी तीनदा प्रयत्न करता येतो. शिवाय अशा केंद्रांच्या आसपास हीच मशीन्स ठेवलेली छोटी गॅरेजं असतात. तिथे स्क्रू फिरवून झोत सेट केला, परत रांगेत लागलो, गोल मिळाला. दुपारी जेवायच्या आत स्टिकर हातात.

मॉडिफिकेशनचं उत्तरही इथेच मिळालं. गाडी खाली घेता येते, पण जमिनीपासून किमान ९ सेंटिमीटर अंतर हवं. बऱ्याच बदलांनंतर लांबीत ३, रुंदीत २, उंचीत ४ सेंटिमीटरचा फरक चालतो. त्यापुढे गेलात तर बदलाची वेगळी तपासणी करून तो कागदावर नोंदवायचा. एक्झॉस्ट बदला, पण आवाज मीटरवर मोजला जाईल. आणि सगळ्यात महत्त्वाचं: गाडी ज्या काळात बनली त्या काळच्या मर्यादा तिला लागतात. १९९६च्या गाडीकडून २०२५च्या धुराची अपेक्षा कोणी करत नाही, पण १९९६चा नियम मात्र तिने पाळलाच पाहिजे.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालणार नाही. म्हणून आपल्याला दिसतात ते बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतानाचे व्हिडिओ. कानठळ्या बसवणाऱ्यांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण नियमात बसणारा एक्झॉस्ट लावून तो मोजून घ्यायचा म्हटलं, तर तो रस्ताच आपल्याकडे नाही.

आता फोनवाल्यांसाठी. जानेवारी २०२३पासून शाकेनचं प्रमाणपत्र चिपवालं झालंय. लहानसा कागद, मागे आयसी टॅग. गंमत म्हणजे मुदत कधी संपते ते त्या कागदावर छापलेलंच नसतं. फोनमध्ये सरकारी अॅप उघडायचं, कागदावरचा चार आकडी कोड टाकायचा, टॅगला फोन लावायचा, मग तारीख दिसते. काचेवरच्या स्टिकरवर असते म्हणा, पण कागद घेऊन भांडायला गेलात तर फोन लागेल. ऑक्टोबर २०२४पासून आणखी एक पाऊल: ऑक्टोबर २०२१नंतर बाजारात आलेल्या नव्या मॉडेल्सना ओबीडी तपासणी. म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडून ब्रेक, ऑटोमॅटिक ब्रेकिंग यांचे एरर कोड वाचायचे. रोडस्टरला हे काहीच लागू नाही. तिच्यात कॉम्प्युटर आहे, पण तो फारसं बोलत नाही.

इथपर्यंत वाचून जपान म्हणजे जुन्या गाड्यांचा स्वर्ग असं वाटत असेल, तर थांबा. पेट्रोल गाडी १३ वर्षांची झाली की कर वाढतो. रोडस्टरच्या गटात वर्षाचा कर ३९,५०० येनवरून ४५,४०० होतो. वजनावरचा कर १३ आणि पुन्हा १८ वर्षांनी चढतो: एक टनाच्या आतल्या गाडीला दोन वर्षांचे १६,४०० येन लागायचे, तिथे १८ वर्षांनंतर २५,२००. मित्र दर वेळी कुरकुरतो आणि भरतो. सगळे भरत नाहीत. शाकेनची तारीख जवळ आली की अनेक जण गाडी विकून मोकळे होतात, ती लिलावात जाते आणि तिथून जहाजाने न्यूझीलंड, आफ्रिका, आखात.

ज्या गाड्यांसाठी आपण पोस्टर लावायचो त्यांचं वेगळंच झालंय. अमेरिकेत २५ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला तिथल्या सुरक्षा नियमांतून सूट मिळते. निसान स्कायलाइन जीटी-आर आर-३४ जानेवारी १९९९मध्ये आली. म्हणजे २०२४पासून पहिल्या आर-३४ अमेरिकेत कायदेशीर झाल्या. बनल्याच होत्या साडेअकरा हजारांच्या आसपास. भाव कुठे गेले असतील कल्पना करा. दाइकोकूला त्या सकाळी मला एकच दिसली, आणि तिच्याभोवती आम्ही फोनवालेच जास्त होतो. (आपल्याकडे विंटेजसारखे अपवाद सोडले तर तीन वर्षांपेक्षा जुनी सेकंडहँड कार आयातच करता येत नाही. तेव्हा स्वप्नं बघा, पण गेममध्ये.) तिची धाकटी बहीण आर-३५ जीटी-आर हिचंही उत्पादन ऑगस्ट २०२५मध्ये थांबलं.

आणखी एक गोष्ट जपानप्रेमी व्हिडिओत कधी सांगत नाहीत. जपाननेही जुन्या गाड्या बंद केल्यात. टोकियोचे तेव्हाचे गव्हर्नर शिंतारो इशिहारा यांनी १९९९मध्ये डिझेलच्या काजळीने भरलेली बाटली पत्रकारांसमोर हलवून दाखवली होती. ऑक्टोबर २००३पासून टोकियो आणि शेजारच्या तीन प्रीफेक्चरमध्ये धुराचे निकष न पाळणारे डिझेल ट्रक आणि बस फिरायला बंदी आली. मोठ्या शहरांच्या पट्ट्यात निकषात न बसणाऱ्या डिझेल कारना शाकेनच मिळत नाही. बंदी होती, कडकही होती. पण ती नळीतून काय बाहेर पडतं यावर होती.

हे सगळं घेऊन मी घरी आले आणि महिन्याभरात दिल्लीची बातमी वाचली. पार्श्वभूमी तुम्हाला माहीत असेल: दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी. १ जुलै २०२५ला पंपांवर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे लावून अशा गाड्यांना इंधन बंद केलं, लोक भडकले, काही दिवसांत ते थांबलं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त वयावरून कारवाई नको असं सांगितलं. डिसेंबरात ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं केलं. म्हणजे निदान गाडी कुठल्या धुराच्या नियमाखाली बनली हे तरी विचारलं जातंय. कॅलेंडरपासून एक पाऊल पुढे, असं मी म्हणेन. पण अजूनही ती विशिष्ट गाडी आज काय सोडते, तिचे ब्रेक लागतात का, हे कोणी बघत नाही. कॅमेरा प्लेट वाचतो, तब्येत नाही. आणि दिल्लीच्या हवेत श्वास घेणाऱ्याला आपण ‘ही क्लासिक आहे हो’ म्हणून समजावू शकत नाही. त्याला आकडाच दाखवावा लागेल. तो आकडा काढणारी यंत्रणा आधी हवी. ऑटोमेटेड टेस्टिंग स्टेशन आपल्याकडेही उभी राहतायत, रोलर, साइड स्लिप सगळं तेच. खासगी कारपर्यंत ती नीट पोचली तरच या चर्चेला अर्थ.

माझा यात स्वार्थ आहे, लपवत नाही. आमच्या घरी २००१ची मारुती ८०० आहे. हामामात्सुच्या सुझुकी संग्रहालयात १९७९ची पहिली आल्टो उभी आहे, तेव्हाची किंमत ४,७०,००० येन. १९८३ची आपली पहिली ८०० म्हणजे तिचीच मोठ्या इंजिनाची बहीण, आणि आमची त्यांच्या पुढच्या पिढीतली. मी त्या आल्टोसमोर जरा जास्तच वेळ उभी राहिले. बाबा अजून दसऱ्याला ८००ला झेंडूचा हार घालतात आणि महिन्यातून एकदा बाजारात नेतात.

तिचं पासिंग १५ वर्षांनी झालं, मग २०२१मध्ये पुन्हा. तेव्हा मी सोबत होते. चासी नंबरचा छाप घेतला, फोटो काढला, पीयूसी बघितलं. ब्रेक कोणी दाबून बघितला नाही. पुढची तारीख यंदा जूनमध्ये आहे. ऑगस्ट २०२५पासून २० वर्षांवरच्या कारची नोंदणी नूतनीकरणाची फी पाच हजारांवरून दहा हजार झालीये. बाबा भरतील. मला फीचा राग नाही, मित्रही तिकडे भरतोच. पण त्या पैशात त्याला साइड स्लिपचा आकडा मिळाला, हेडलाइट तिरपा आहे हे कळलं. आम्हाला आणखी पाच वर्षांची तारीख मिळेल.

परवा मी बाबांना फोनवर म्हटलं, जूनच्या आधी गॅरेजमध्ये नेऊन हेडलाइटचा झोत तरी सेट करून घ्या, आणि ब्रेक रोलरवर तपासणारं कोणी असेल तर बघा.

“अगं, तिथे कोण बघतंय ते?” बाबा म्हणाले. मग जरा थांबून, “पण रात्री समोरचे सारखे डिपर मारतात खरं.”