डास चावून चावून पोरं काटक होतात का?

भामरागड, एटापल्ली, धानोरा भागात रोवणीसोबत हिवतापाचे दिवसही सुरू होतात. फवारणीवाले आले, मच्छरदाण्या वाटल्या की गावात एक बोलणं हमखास ऐकू येतं, "आम्ही डासातच वाढलो, काही झालं नाही. पोरांनाही सवय होऊ द्या." यात थोडं तथ्य आहे, पण त्याची किंमत लेकरं मोजतात.

नुसत्या डासाच्या चावण्याने हिवतापाविरुद्ध ताकद येत नाही. डासाच्या लाळेतून जंतू शरीरात जातो, आधी यकृतात आणि मग रक्तात वाढतो, तेव्हा शरीर त्याला ओळखायला लागतं. पण फॅल्सिपेरम हा जंतू बहुरूपी आहे. रूप बदलायला त्याच्याकडे सुमारे ६० जनुकं असतात. शरीर एक रूप ओळखेपर्यंत तो दुसरं घेतो. म्हणून थोडीफार ताकद यायलाही अनेक वर्षं, अनेकदा हिवताप व्हावा लागतो.

तोवर लेकराचं काय? आईकडून मिळालेलं संरक्षण पहिले काही महिनेच पुरतं. पुढे पाच वर्षांपर्यंतचा काळ सगळ्यात धोक्याचा. आफ्रिकेत हिवतापाने दगावणाऱ्या चौघांपैकी साधारण तिघं पाच वर्षांखालची मुलं असतात. "काही झालं नाही" म्हणणारे हे वाचलेले लोक. जे गेले ते सांगायला येत नाहीत.

शिवाय ही ताकद अर्धवटच. मोठ्या माणसाला ताप नसतो, पण रक्तात जंतू असू शकतो. तोच डासामार्फत बाजूला झोपलेल्या लेकरापर्यंत पोचतो. काही वर्षं बाहेरगावी राहिलं तर ही ताकदही ओसरते.

आजार न होता शरीराला जंतूची ओळख करून द्यायची, हे लसीचं काम. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या आर२१ लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली. ती सध्या मुख्यतः आफ्रिकेतल्या मुलांना दिली जाते.

आपल्या हातात मच्छरदाणी आणि रक्ततपासणी आहे. ताप आला की त्याच दिवशी आशाताईकडे जा. व्हायवॅक्स निघाला तर १४ दिवसांच्या गोळ्या मधेच सोडू नका. आणि गावात तपासणी पथक आलं तर "मला कुठं ताप आहे" म्हणून हात मागे घेऊ नका. ती तपासणी घरातल्या लेकरासाठीच आहे.