लाइट कधी येणार?

मंगळवार, रात्रीचे पावणेदहा. सीझनचा पहिला धो धो पाऊस, लॅपटॉपवर ८ टक्के बॅटरी, सकाळी आठपर्यंत द्यायची कॉपी आणि... फट्! लाइट गेली. बॉस, असं टायमिंग फक्त लाइटलाच जमतं.

पुढचा सीन तुम्हाला पाठ असेलच. बाल्कनीतून समोर डोकावणं (त्यांचीही गेलीय ना? मग ठीक आहे!), सोसायटीच्या ग्रुपवर ‘लाइट कधी येणार?’ हा एकच मेसेज सतरा जणांकडून, आणि मग १९१२ ला फोन. तासाभरात समोरच्या सगळ्या खिडक्या उजळल्या. काळोखात उरल्या फक्त दोन बिल्डिंगी, आमची आणि शेजारची. आता मात्र माझं टाळकं सटकलं. छत्री घेतली आणि चक्क भांडायला खाली उतरले.

कोपऱ्यावरच्या हिरव्या पेटीपाशी रेनकोट घातलेली चार माणसं टॉर्चच्या उजेडात काहीतरी खुडबुड करत होती. या पेटीशेजारी उभं राहून मी रोज रिक्षाची वाट बघते, पण तिला नाव असतं हे त्या रात्री कळलं. आरएमयू, म्हणजे रिंग मेन युनिट. ‘दादा, त्यांची आली, मग आमचीच का नाही?’ मी तावातावाने विचारलं. त्यातल्या वयस्कर लाइनमननं मान वर न करताच उत्तर दिलं, ‘मॅडम, ते रिंगवर आहेत. तुम्ही शेपटावर.’

हा अपमान नव्हता, माहिती होती. सबस्टेशनमधून निघालेली ११ हजार व्होल्टची केबल गल्लोगल्ली एकेका आरएमयूला शिवत जाते आणि तिचं दुसरं टोक दुसऱ्या फीडरपाशी पोचतं. कुठेही शॉर्ट झाला की सबस्टेशनमधला ब्रेकर ट्रिप होतो आणि सगळाच पट्टा अंधारात जातो. पण ब्रेकर फक्त ओरडतो, बोट दाखवत नाही. काही पेट्यांना एक लाल दिवा असतो. फॉल्टचा करंट त्या पेटीतून गेला असेल तर तो लुकलुकतो, म्हणजे शेवटचा लुकलुकणारा आणि त्यापुढचा गप्प दिवा यांच्या मधे चोर. दिवे नसतील तर फीडर मधोमध तोडायचा आणि अर्धा चार्ज करून बघायचा. टिकला तर चोर उरलेल्या अर्ध्यात. मग त्याचेही दोन तुकडे. आयटीवाल्यांनो, तुमचं बायनरी सर्च हे लोक पावसात, हातमोजे घालून करतात!

खराब तुकडा दोन्हीकडून तोडला की बाकीच्यांना दुसऱ्या बाजूने वीज देता येते. म्हणून समोरचे सुटले. आमच्याकडे मात्र रिंगपासून फुटलेली एकच केबल येते आणि फॉल्ट नेमका तिच्यात. ‘मग एकदा परत चालू करून बघा ना,’ इति मी. (हो, राउटरला करतो तसं.) तर म्हणे, ते खांबावरच्या तारांना. फांदी घासली, पक्षी बसला, तर दुसऱ्या झटक्याला लाइन टिकूही शकते. जमिनीखालची केबल एकदा फुटली की आपली आपण बरी होत नाही. उगाच चार्ज करत राहिलं तर आणखी जळते.

आता ४०० मीटर केबल, तीही डांबराखाली. खणायचं कुठे? साडेअकराला टेस्ट व्हॅन आली. केबलमध्ये एक पल्स सोडतात, तो साधारण प्रकाशाच्या निम्म्या वेगाने धावतो आणि बिघाडावर आपटून परत येतो. लागलेल्या वेळावरून अंतर. सिंपल? नाही. ओलाव्याने झालेला फॉल्ट चिवट असतो, साध्या पल्सला तो दिसतच नाही. मग मोठ्या व्होल्टेजचा झटका देऊन तिथे क्षणभर ठिणगी पाडायची आणि त्याच क्षणी पल्स सोडायचा. उत्तर आलं, २७० मीटर. पण हे केबलचं अंतर, रस्त्याचं नव्हे. केबल कुठे वळते, कुठे जादा वेटोळं पुरून ठेवलंय, हे पुरणाऱ्यालाच माहीत.

म्हणून शेवटी ऐकावं लागतं. व्हॅनमधून दर काही सेकंदांनी झटका, आणि जमिनीखाली फॉल्टच्या जागी ‘धप्’. वर एक माणूस हेडफोन लावून, मायक्रोफोन रस्त्यावर टेकवत पावलापावलाने पुढे. ते यंत्र झटक्याचा सिग्नल आणि आवाज यांच्यामधलं अंतरही मोजतं. आकाशात वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो ना, तसंच. अंतर सगळ्यात कमी जिथे, तिथे खणायचं.

पण ऐकू येणार कसं? शेजारच्या सोसायटीचा जनरेटर धडधडत होता. ‘वीस मिनिटं बंद ठेवा,’ लाइनमन म्हणाला. आणि माझ्या पोटात गोळा आला. त्याच जनरेटरवरून वायर ओढून आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं ऑक्सिजन मशीन चालू होतं. तिकडचे सेक्रेटरी लिफ्टचं कारण सांगत तयार होईनात, इकडे काकू घाबरलेल्या. शेवटी काकांच्या मुलाने घरातला सिलिंडर जोडला, काटा बघितला आणि खिडकीतून ओरडला, ‘करा बंद!’ आधी सिलिंडर, मग जनरेटर. हा क्रम त्या लाइनमननेच बजावून सांगितला होता.

जनरेटर थांबला. पाऊसही दमला होता. नाइट ड्रेसमधली पंचवीस-तीस माणसं रस्त्यावर, आणि एकानेही तोंड उघडलं नाही. आमच्या एजीएमला हे कधी जमलेलं नाही! धप्. चार पावलं. धप्. हेडफोनवाला थबकला, मागे आला, वाकला आणि खडूने फुली मारली. चौदा मिनिटं लागली. मी घड्याळ लावूनच बसले होते.

फुलीखाली तीन फुटांवर केबल सापडली. बाहेरच्या काळ्या आवरणावर कुदळीचा स्वच्छ घाव. गेल्या डिसेंबरात तिथेच खोदकाम झालं होतं आमच्या फायबर इंटरनेटसाठी. त्या दिवशी मी ग्रुपवर नाचणारा इमोजी टाकला होता. तो घाव कुणाला दिसला नाही, की दिसूनही माती लोटली? माझं मत दुसरं. घावातून ओल आत शिरत राहिली आणि पहिल्या पावसाने काम तमाम केलं.

सरकारच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत दिरंगाईसाठी भरपाईची तरतूद आहे, आणि ती मागायला लाजू नका. पण रात्री दोन वाजता खड्ड्यात बसून जॉइंट करणाऱ्याला शिव्या घालण्याची तरतूद त्यात नाही. खराब तुकडा कापायचा, नवा जोडायचा, म्हणजे जॉइंट एक नाही, दोन! आत पाण्याचा थेंब राहिला तर पुढच्या पावसात हीच वरात. वर ताडपत्री धरून दोघं उभे होते, त्यातली एक बाजू तासभर जनरेटरवाल्या सेक्रेटरींनी धरली.

पाच वीसला लाइट आली. आधी पंपाची मोटर बघितली, कारण फेजचा क्रम उलटा लागला तर ती उलटी फिरते. सुलटी फिरली. काकांचं मशीन परत भिंतीतल्या प्लगवर गेलं. मी वर जाऊन लॅपटॉप चार्जिंगला लावला आणि खाली चहा घेऊन गेले, तर व्हॅन निघाली होती. पुढची तक्रार आली होती म्हणे, चार गल्ल्या सोडून.