दोन महासत्तांच्या कात्रीत फिनलंड

लहान राष्ट्राचे परराष्ट्रधोरण त्याचे बलाढ्य शेजारीच ठरवितात, असे व्यवहारवादी म्हणवणारे सांगत असतात. दुसऱ्या महायुद्धातील फिनलंडचा इतिहास या समजुतीला पुरता दुजोरा देत नाही. समाजवाद्यांनी तर तो मुद्दाम तपासला पाहिजे. कारण १९३९-४० च्या हिवाळी युद्धात त्या देशाच्या परराष्ट्रखात्याची सूत्रे टॅनर या सोशल डेमोक्रॅट नेत्याच्या हाती होती.

२३ ऑगस्ट १९३९ रोजी हिटलर व स्टालिन यांच्या सरकारांत करार झाला आणि त्याच्या गुप्त कलमान्वये फिनलंड सोव्हिएत प्रभावक्षेत्रात गेला. ज्याचा सौदा झाला त्याला त्याचा पत्ताही नव्हता. पुढे मॉस्कोने सीमा मागे घेण्याची व हांको येथे नाविक तळाची मागणी केली. लेनिनग्राड सीमेपासून जेमतेम ३२ किलोमीटरवर होते. तेव्हा सुरक्षिततेची चिंता निराधार नव्हती. पण वाटाघाटी फिसकटताच ३० नोव्हेंबरला आक्रमण करणे आणि कूसिनेन यांचे बाहुले ‘जनता सरकार’ उभे करणे, यास समाजवाद म्हणता येणार नाही.

त्या बाहुल्या सरकारला फिनिश कामगाराने थारा दिला नाही. १९१८ च्या यादवीत याच वर्गाचे हजारो लोक बंदिछावण्यांत मेले होते. तरीही तो सीमेवर गेला. जानेवारी १९४० मध्ये मालकसंघाने कामगार संघटनांना वाटाघाटींतील प्रतिपक्ष म्हणून मान्यता दिली. टॅनर यांच्या मुत्सद्देगिरीचे खरे भांडवल ही एकजूट होते.

ब्रिटन व फ्रान्स यांनी सैन्य देऊ केले. परंतु त्यांचा डोळा जर्मनीला पोसणाऱ्या स्वीडनच्या लोहखनिजावरही होता. नॉर्वे-स्वीडनने वाट नाकारली. परक्याच्या युद्धातले प्यादे होण्यापेक्षा स्टॉकहोममधील सोव्हिएत राजदूत कोलोंताय यांच्या मार्फत तहाची बोलणी करणे टॅनर यांनी पत्करले. १२ मार्च १९४० च्या तहाने सुमारे एक दशांश भूमी गेली, चार लाखांवर माणसे निर्वासित झाली. पण स्वातंत्र्य राहिले. लष्करी तळ निमूटपणे देणारी तिन्ही बाल्टिक राष्ट्रे त्याच वर्षी सोव्हिएत संघात विलीन केली गेली, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

मात्र इतिहास येथेच थांबवणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९४१ मध्ये फिनलंड जर्मनीबरोबर पुन्हा युद्धात उतरला. ‘आमचे युद्ध वेगळे आहे’, हा त्याचा दावा सैन्याने जुनी सीमा ओलांडून पूर्व करेलिया व्यापला तेव्हाच फोल ठरला. तेथील छावण्यांत डांबलेले हजारो नागरिक भूक व रोगराईने मेले. टॅनरही त्या मंत्रिमंडळात होते. धान्य आणि शस्त्रे जर्मनीकडून येत असताना धोरण स्वतंत्र राहील, ही कल्पनाच भाबडी होती. ६ डिसेंबर १९४१ रोजी, फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनीच, ब्रिटनने त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारले.

अखेर १९ सप्टेंबर १९४४ च्या शस्त्रसंधीने किंमत चुकती करावी लागली : आणखी भूमी, ३० कोटी डॉलरची युद्धखंडणी आणि कालच्या जर्मन सोबत्याशीच लढाई. ही खंडणी जहाजे, यंत्रे, कागद यांच्या रूपाने १९५२ पर्यंत फेडण्यात आली. देश मात्र परकीय सैन्याच्या ताब्यात गेला नाही; संसद टिकली, कामगार संघटना टिकल्या.

युक्रेनवरील आक्रमणानंतर, २०२३ मध्ये, फिनलंड नाटोत सामील झाला. त्या निर्णयावर मतभेद असू शकतात. पण आक्रमक लाल झेंडा घेऊन आला म्हणून त्याची पाठराखण करू नये, आणि आक्रमकाचा शत्रू म्हणून दुसऱ्या आक्रमकाच्या रथाला स्वतःला जुंपून घेऊ नये, हे दोन्ही धडे त्या पाच वर्षांतच मिळतात. पहिला धडा समाजवादी चळवळीतील अनेकांना उशिरा उमगला. दुसरा खुद्द टॅनर यांनाही उमगला नाही.