होय, मी कॉम्प्युटरला विरोध केला होता

परवा आमच्या सिडकोतल्या ग्रुपवर मी एक साधी गोष्ट लिहिली. माझा भाचा अंबडच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत वेल्डिंग करत होता, सहा वर्षं. दिवाळीनंतर लाइनवर दोन रोबो आले आणि एका सोमवारी सकाळी त्याचा पास गेटवर चालेना. सोबत आणखी अकरा पोरं. ना नोटीस, ना हिशेब. ठेकेदार म्हणाला, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, तुम्ही आमचे नाहीच. एवढंच लिहिलं होतं.

त्यावर ग्रुपवरच्या एका उत्साही सदस्यांचं उत्तर आलं, "काका, तुम्ही लोकांनी तर कॉम्प्युटरलाही विरोध केला होता. तुमचं ऐकलं असतं तर आज आपण चोपड्याच लिहीत बसलो असतो." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. एकाने तर मला "लुडाइट" म्हटलं. हा शब्द आजकाल शिवी म्हणून वापरतात, म्हणून आधी त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

लुडाइट म्हणजे १८११-१२ साली इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या आसपास मोजे विणायची यंत्रं फोडणारे कारागीर. यंत्राला घाबरणारे अडाणी लोक, असं आपल्याला सांगितलं जातं. पण ते जी यंत्रं फोडत होते ती नवी नव्हतीच! मोजे विणायचा तो माग १५८९ सालचा. दोनशे वर्षांहून जुना. हे लोक स्वतः त्याच मागावर पोट भरत होते. ते फोडायचे ते ठरावीक मालकांचे माग : जो ठरलेल्या दरापेक्षा कमी मजुरी देतो त्याचे, जो शिकाऊ पोरांकडून स्वस्तातला निकृष्ट माल काढतो त्याचे. शेजारच्या दर पाळणाऱ्या मालकाच्या मागाला हात लावत नसत. सरकारने काय केलं? १८१२ मध्ये यंत्र फोडणाऱ्याला फाशीचा कायदा केला. कवी बायरनने उमरावांच्या सभागृहात त्याच्याविरुद्ध भाषण केलं, पण उपयोग झाला नाही. १८१३च्या जानेवारीत यॉर्कला सतरा जण फासावर गेले. आता हा इतिहास वाचून मला लुडाइट म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या मुंबईतच या. १९२८. सूतगिरण्यांचे मालक म्हणू लागले की एका विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवायचे, कताईखात्यात एकाच्या जागी दोन बाजू सांभाळायच्या. याला इंग्रजीत भारदस्त नाव होतं, रॅशनलायझेशन. मराठीत त्याचा हिशेब सोपा आहे. सहाशे साच्यांना दोनाच्या हिशेबाने तीनशे माणसं लागतात, तीनाच्या हिशेबाने दोनशे. उरलेले शंभर घरी. उरलेल्या दोनशेंना चार पैसे जास्त देतो म्हणाले, पण काम दीडपट आणि पगार दीडपट नाही.

त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. सहा महिने! कितीतरी जण कोकणात, घाटावर आपापल्या गावी निघून गेले. एक साचा फोडायला ही माणसं संपावर गेली नव्हती. एकत्र संप समितीत ना. म. जोशींसारखे मवाळ आणि डांग्यांसारखे कम्युनिस्ट शेजारी बसले. त्यांच्या सतरा मागण्या होत्या. शेवटी फॉसेट समिती नेमायला लागली, तेव्हा गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजले. मालकांना जपानी कापडाची स्पर्धा होती हे खोटं नव्हतं, ते मी मान्य करतो. पण स्पर्धेची किंमत कोणी मोजायची हा प्रश्न होता, आणि तो कामगारांनी विचारला नसता तर कोणीच विचारला नसता.

तो प्रश्न हवेत विरला नाही. १९५७ साली दिल्लीत भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात सरकार, मालक आणि संघटना तिघांनी मिळून मान्य केलं : यंत्र आणायचं तर असलेल्या कामगारांची कपात नको, त्यांची कमाई घटायला नको, आणि वाचलेल्या पैशाचा वाटा मालक, कामगार आणि समाज तिघांना मिळावा. तिघांनी मान्य केलं, हो! कोणा लालबावट्यावाल्याच्या पत्रकातली ओळ नाही ही. त्याच्याही आधी, १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९क होतं. ज्या यंत्रसुधारणेमुळे कपात होण्याची शक्यता आहे, तिची एकवीस दिवस आधी नोटीस द्यायची. २०२०च्या नव्या संहितेतही ही तरतूद आहे.

आता माझ्या पापाकडे येतो.

मी १९७९ साली बँकेत क्लार्क म्हणून लागलो. कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर आम्ही काळ्या फिती लावल्या, गेटसभा घेतल्या, घशाच्या शिरा ताणून घोषणा दिल्या. त्यातल्या काही घोषणा आज आठवल्या की मलाच हसू येतं. आम्ही म्हणायचो की पाच वर्षांत निम्म्या बँका रिकाम्या होतील. झाल्या नाहीत. आणि खरं सांगू? सहामाहीला व्याज लावताना, लेजरचा मेळ घालताना रात्रीचे अकरा वाजायचे. सदतीस पैशांचा फरक सापडेना म्हणून चार माणसं पानं उलटत बसायची. त्या कामावर प्रेम असलेला एकही क्लार्क मी पाहिलेला नाही. लेजर पोस्टिंगचं मशीन आलं आणि ते मरण संपलं. बायकोला मी वेळेवर घरी दिसायला लागलो, हे तिने बरेच दिवस संशयाने घेतलं.

पण ते मशीन कसं आलं ते ऐका. ८ सप्टेंबर १९८३ रोजी इंडियन बँक्स असोसिएशन आणि संघटना यांच्यात करार झाला. यंत्रं कुठे, कोणत्या कामाला आणि किती येणार, हे कागदावर आलं. मशीनवर बसणाऱ्याला वेगळा भत्ता ठरला. आमच्या शाखेत त्या मशीनमुळे एकही माणूस घरी गेला नाही. पुढे २०००-०१ मध्ये व्हीआरएस आली आणि सरकारी बँकांतून सुमारे एक लाख लोक गेले, तेही पैसे घेऊन. आता ग्रुपवरच्या साहेबांना विचारतो, हा करार आकाशातून पडला का? आम्ही विरोध केला म्हणून आमच्याशी बोलायला कोणीतरी बसलं. विरोध चुकीच्या घोषणांनी केला असेल, पण केला म्हणून कागद झाला. तुमचं एटीएम आमचं ऐकलं नाही म्हणून आलं असं तुम्हाला वाटतं. ते आमचं ऐकून आलं.

भाच्याकडे असा कागद नाही. कंपनीच्या मस्टरवर त्याचं नाव नाही, म्हणून त्याची कपात ही कपातच नाही. एकवीस दिवसांची नोटीस कोणाला द्यायची, तर ज्याला कामगार म्हणून मानता त्याला! बारा पोरं गेली आणि सरकारी कागदावर अंबडमध्ये काहीच घडलं नाही. माझा राग रोबोवर नाही. वेल्डिंगच्या धुराने त्याचे डोळे संध्याकाळी लाल व्हायचे, ते काम यंत्राने केलं तर मी पेढे वाटीन. पण सहा वर्षं ज्याचे डोळे लाल झाले त्याला एक दिवस आधी तोंडावर सांगायचीही गरज वाटू नये?

हाताने केलं की सगळं पवित्र, असं म्हणणाऱ्यांतलाही मी नाही. सिन्नरला जाऊन बघा. हाताने वळलेल्या बिडीला यंत्राच्या बिडीपेक्षा अबकारी कर कमी ठेवला, का तर बायकांचा रोजगार टिकावा. रोजगार टिकला, आणि त्यासोबत तंबाखूची धूळ, मोडलेली कंबर आणि हजारावर मिळणारी तुटपुंजी मजुरीही टिकली. यंत्र अडवलं म्हणजे कामगार वाचला असं होत नाही, हे मला कळतं. आमच्या चळवळीतल्या लोकांना हे बोललेलं आवडत नाही, तरी बोलतो.

आणि गंमत बघा. मला लुडाइट म्हणणाऱ्या सदस्यांच्या घरी फेब्रुवारीत लग्न होतं. येवल्याहून पैठणी आणली. "हातमागाचीच हवी हं, पॉवरलूमची नको," असं दुकानात तीनदा बजावल्याचं त्यांनी स्वतःच ग्रुपवर लिहिलं होतं, फोटोसकट. हातमागासाठी काही वाण राखून ठेवणारा कायदा १९८५ सालचा आहे आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. म्हणजे अंगावर घालायच्या साडीसाठी माणसाचा हात हवा, त्यासाठी कायदाही चालतो. वेल्डिंग करणाऱ्या हाताची गोष्ट निघाली की मात्र देश मागे जातो.

असो. ग्रुपवर उत्तर देऊन झालं. आता कामाचं.

अंबड-सातपूरमध्ये ज्यांचा पास असाच एका सकाळी बंद झाला असेल, त्यांनी पासचा फोटो, पगाराच्या स्लिपा किंवा बँक पासबुकातल्या नोंदी आणि पीएफचा नंबर जपून ठेवा. ठेकेदाराने पगार थकवला असेल तर तो चुकवायची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे, त्यामुळे "तुम्ही आमचे नाहीच" एवढ्यावर गेटवरून परत येऊ नका. कोऱ्या कागदावर किंवा "पूर्ण हिशेब मिळाला" अशा कागदावर सही करू नका, कोणी कितीही गोड बोललं तरी. भाच्याबरोबरच्या अकरांपैकी सात जणांशी बोलणं झालंय, बाकीच्या चौघांचे फोन लागत नाहीत. त्यांना ओळखणारं कोणी वाचत असेल तर निरोप द्या. रविवारी सकाळी दहाला मी घरीच आहे. कागद घेऊन या, चहा माझ्याकडून.